गाळलेलं कडवं

“आधी आभार मान, मग पाणी पी.” हे सांगताना आईचा तळहात माझ्या पेल्यावर झाकणासारखा असायचा. सकाळी उठल्या उठल्या घसा कोरडा, पेल्यात पाणी दिसतंय, आणि वर तो हात. तीन आभार मानल्याशिवाय तो उचलला जायचा नाही. तीनही रोज नवे हवेत, कालचे आज चालायचे नाहीत. “शिळं वाढतेस होय देवाला?” ती म्हणायची. मग मी खिडकीतून दिसेल ते उचलायची: समोरच्या गच्चीवरचं मांजर, दोरीवरचा माझा फ्रॉक, आज गणिताच्या बाई येणार नाहीत ते. हात उचलला जायचा. पुढे आई गेली, हात गेला, पण झाकण राहिलं. परीक्षेच्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, बाळंतपणात ओठ फाटलेले असतानाही मी आधी तीन आभार मानले आणि मग पाणी प्याले. तिथली सिस्टर म्हणाली होती, “घोट घ्या हो बाई, देव काही पळून जात नाही.” तेव्हा मीही हसले होते.

आज सकाळीही मानले. नळाला पाणी आहे. चपलेचा अंगठा शिवून झाला. खिडकीची काच पुसलेली आहे. गेले आठ महिने माझे आभार असेच असतात, हात आखडून. मोठ्या गोष्टीला मी शिवत नाही. व्रत मोडलेलं नाही, कुणीही येऊन तपासावं. पण एका छताखाली राहणाऱ्या आणि मनात धरून ठेवणाऱ्या सासूसुना जसं बोलतात, दूध तापवलंय, किल्ली खिळ्याला आहे, येते मी, तसं माझं देवाशी चाललेलं असतं. अबोला नाही. कामापुरतं बोलणं आहे. वाटलं होतं, अशानेही जन्म निघून जाईल. मग आज साडेनऊच्या उपासनेत ती चिठ्ठी वाचली गेली.

आमच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे, आभाराची. ज्याला देवाचे आभार मानायचे असतील त्याने चिठ्ठी लिहून आत टाकायची. रविवारी उपासनेच्या मध्यावर पेटी उघडतात, एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचतात आणि प्रत्येकीला सगळी मंडळी आमेन म्हणते. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही आणि तारीखही नाही, असा फार जुना नियम. नाव आलं की आभाराची मिरवणूक होते, आणि तारीख आली की शेजारपाजारचे हिशेब लावून नाव काढतातच. मला हा नियम आवडायचा. मी स्वतः लोकांना समजावून सांगितलाय तो. आजचा वाचक नवा होता, शाळेत भूगोल शिकवणारा, दोन महिन्यांपूर्वी बदली होऊन आलेला. आवाज स्वच्छ, नकाशावर नद्या दाखवत असल्यासारखा. कुणाला नोकरी लागली, आमेन. कुणाच्या वडिलांचा गुडघा बरा झाला, आमेन. मग त्याने एक बारीक घडी उलगडली. “माझ्या मुलीचा ताप उतरला. डॉक्टर म्हणतात, शनिवारी घरी सोडू. देवाचे आभार. आम्ही दोघी दर रविवारी दुपारी वॉर्डात जाऊन मुलांना गाणी म्हणून दाखवणार आहोत.” शंभर माणसं म्हणाली, आमेन. मीही म्हणाले.

तोंड आधी बोललं, कान मागून आले. पुढच्या बाकावर पाळकबाई, म्हणजे उपासना चालवणाऱ्या आमच्या पाळकांची बायको, बसल्या होत्या. त्यांची मान अर्धी वळली आणि तिथेच अडकली. माझ्या डाव्या हाताकडची माणसं एकेक करून गप्प होत गेल्याचं मला न बघताही कळलं, दिवे मालवत जावेत तसं. वाचकाने पुढची चिठ्ठी उघडली होती. कुणाची तरी कपाटाची किल्ली सापडली होती. आमेन. या वेळी आवाज निम्मा होता. त्याने वर पाहिलं, आपलं काय चुकलं ते शोधत, आणि बिचारा आणखी स्पष्ट उच्चार करायला लागला.

ती चिठ्ठी मी एका गुरुवारी संध्याकाळी टाकली होती. त्या दिवशी डॉक्टर खाटेशी उभं राहून म्हणाले होते, शनिवारी घरी. शुक्रवारी दुपारी पावणेतीनला ती गेली. रक्तातलं विष परत उसळलं म्हणाले. शनिवारी घरी सोडायचं होतं, शनिवारी आम्ही तिला पुरून आलो. रविवारी मी उपासनेला गेले होते. न जाणं मला सुचलंच नव्हतं. पेटी उघडली तेव्हा बाकाची कड धरून मी वाट बघत होते की आता वाचतील, आता. वाचली नाही. कुणीतरी शहाण्या माणसाने आधीच उघडून हळूच काढून घेतली असणार असं मी धरून चालले. आठ महिने मी त्या माणसाला मनातल्या मनात चेहरे देत आले. कधी हार्मोनियम वाजवणारे पेटीवाले काका, कधी झाडणाऱ्या मावशी. माझ्या चिंचोळ्या आभारांत एक दिवस तो माणूसही येऊन गेला होता; त्यातल्या त्यात मोठा आभार तोच. आज कळलं, असा माणूस कुणी नव्हताच. पेटीला आतून हिरवं कापड लावलंय, चिठ्ठी त्याच्या मागे सरकून बसली होती. या आठवड्यात बिजागरी बदलायला सुताराने पेटी नेली, कापड काढलं, चिठ्ठी सापडली. प्रामाणिक माणूस. कुणाचे तरी आभार राहून गेलेत म्हणून त्याने ती पेटीत परत टाकली. उपासना संपल्यावर दाराशी तो हे मला सांगत होता तेव्हा त्याची टोपी त्याच्या हातात पिळून निघत होती. भूगोलवाला वाचक म्हणाला, “ताई, वर तारीख असती तर...” मी म्हटलं, “तारीख घालायची नसते. तुमचं काही चुकलं नाही.” खरंच कुणाचंच काही चुकलं नव्हतं. सगळे आपापल्या जागी इतके बरोबर होते की राग ठेवायला कुठे फळीच नव्हती. वाचकाने चिठ्ठी माझ्या हातात दिली. पाळकबाईंनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ज्याने दिली त्यानेच...” पुढचं त्यांनी गिळलं. हे वाक्य त्यांनी मला याआधीच देऊन ठेवलेलं आहे.

घरी चालत आले. वाटेत चष्म्याचं दुकान लागतं, जिथे मी काम करते. रविवारचं बंद, काचेआड रिकाम्या चौकटी ओळीने माझ्याकडे बघत. मी त्या चौकटींत काचा बसवते. काच घासायची, कड बघायची, डोळ्याला दिसेल न दिसेल असा स्क्रू चिमट्याने धरून पिळायचा. नंबर बदललेली माणसं चष्मा पहिल्यांदा लावून उठतात तेव्हा पाय उंच उचलून टाकतात. जमीन वर आल्यासारखी वाटते म्हणतात. मी प्रत्येकाला तेच सांगते: दोन दिवस डोकं दुखेल, मग सवय होईल. हे मी इतकी वर्षं इतक्या मऊ आवाजात सांगत आलेय की मालक गिऱ्हाइकाला माझ्याकडेच पाठवतात, “जा, बाई समजूत घालतील.” दफनाच्या दिवसानंतर घरी येणाऱ्यांनी मला तेच सांगितलं, तसल्याच मऊ आवाजात. सवय होईल. काळ जाऊ दे. देवाला चांगलीच माणसं लागतात, एकजण म्हणाली, तर आमचे हे आतल्या खोलीतून म्हणाले, “मग आपल्याला काय भंगारात काढलंय का?” बाई कप तसाच टाकून गेली. मला हसू आलं होतं. त्या दिवसांत मला दोनदाच हसू आलं, दोन्ही वेळा यांच्यामुळे.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. उपासनेला पूर्वीही सणावारीच यायचे, आता तेही नाही. “आमच्या लिफ्टला बघ,” मागे एकदा म्हणाले होते, “साधी दोन मजल्यांची असली तरी आत नंबर लिहिलेला असतो, तक्रार कुठे करायची त्याचा. तुझ्या धन्याकडे तेवढंही नाही.” मी उत्तर दिलं नाही. मी कधीच देत नाही. माझा हा मुकाटपणा लोकांना माझा विश्वास वाटतो. पण त्या हॉस्पिटलची लिफ्ट मला त्यांच्यामुळेच आठवते. एकोणीस दिवस ती तिसऱ्या मजल्याजवळ कुईकुई करायची आणि हे रोज म्हणायचे, तेल कुणी घालत नाही का. शेवटी एक दिवस स्वतःच पिशवीतून डबी आणून घातलं. शुक्रवारी तिला त्याच लिफ्टने खाली आणलं, आणि लिफ्टने हूं की चूं केलं नाही. शनिवारी सकाळी मी ओट्याशी पेला घेऊन उभी राहिले. झाकण होतंच. दफन अकराला होतं. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, घशात काटे उभे राहिले, आणि मला एकही आभार सापडत नव्हता. माझ्या पाठीमागे माणसं ये-जा करत होती, कुणीतरी म्हणालं, पाणी तरी पी गं. शेवटी मी मानले. खड्डा खणणारी माणसं वेळेवर आली. तिच्या पायात दोन्ही मोजे एका रंगाचे आहेत. लिफ्ट अडकली नाही. मग मी पेलाभर पाणी गटागटा प्याले, आणि त्या पाण्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तिचं नाव आम्ही घरात कधी घेतलंच नाही. यांनी पाळण्यातच तिला भोंगा म्हटलं ते तेच राहिलं. आवाज खणखणीत आणि सूर कुठल्या कुठे. चर्चमध्ये गाणं सुरू झालं की चार बाक पुढची माणसं खांदे आवळायची. वेळ वाचावा म्हणून आमच्याकडे गाण्याचं पहिलं, दुसरं आणि शेवटचं कडवं म्हणतात, तिसरं गाळतात. कुणी ठरवलं माहीत नाही, पण बहुतेक गाण्यांत तिसरंच कडवं रडण्याचं असतं, त्यामुळे कुणाची हरकतही नसते. भोंग्याची होती. ती आठ वर्षांची असताना एका रविवारी सगळी मंडळी शेवटच्या कडव्यावर गेली आणि ही एकटी तिसरं म्हणत राहिली, सगळ्यांच्या वर. पेटीवाले काका सूर सोडून वळून बघायला लागले. शेवटी मंडळी संपवून उभी आणि ही अजून दोन ओळी. बाहेर पडल्यावर तिने पाळकांना विचारलं, “तिसऱ्यात रडायचं आहे म्हणून सोडता?” पाळक म्हणाले, “वेळ वाचतो, बाळा.” ती म्हणाली, “मग नोटिसा कमी वाचा.” मी तिला तिथेच चिमटा काढला. घरी ते ऐकून हे जमिनीवर बसून हसले. मी मात्र तिला नीट समजावलं, की देवाच्या घरात मोठ्यांनी ठरवलेलं मोडायचं नसतं. मऊ आवाजात.

वॉर्डात तिला कुणी वेळ वाचवायला सांगणारं नव्हतं. ताप उतरला की ती उशीला टेकून म्हणायची, चारही कडवी. समोरच्या खाटेवर दोन्ही पायांना प्लास्टर घातलेली एक मुलगी होती, तिला तिसरंच हवं असायचं. “ते काळोखाचं परत म्हण ना.” भोंगा परत म्हणायची. त्या मोठ्या खोलीत बारा खाटा, भिंतीवर अर्धवट रंगवलेला हत्ती, औषधाचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास, आणि त्यात हिचा फाटका सूर. सिस्टर दार लोटून घ्यायची, पण गप्प बस म्हणायची नाही. गुरुवारी डॉक्टर गेल्यावर तिने मला विचारलं, “मी घरी गेले की यांना कोण म्हणून दाखवणार?” मी म्हटलं, “येऊ आपण.” “कधी?” “रविवारी दुपारी.” “एकच रविवार नाही हं. दर.” “दर.” “शब्द?” मी तिचे मोजे चढवत होते. म्हटलं, “शब्द.” आणि संध्याकाळी चर्चवरून जाताना पेटीत चिठ्ठी टाकली, गाणी म्हणणार म्हणून. मनात असं नव्हतं म्हणता येणार नाही, की देवाला कळू दे आम्ही फुकट काही घेत नाही.

मी जिना चढून घरात आले तेव्हा हे जमिनीवर कागद पसरून मिक्सरची मोटर साफ करत होते. मी चिठ्ठी त्यांच्या समोर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी हात पुसले. वाचली. मग एक ओळ मोठ्याने परत वाचली, “शनिवारी घरी सोडू.” म्हणाले, “सोडली की. त्याच्या घरी सोडली. पत्ता तेवढा चुकला.” आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी खिडकीकडे बघायला लागले. मग त्यांनी विचारलं, “तूही आमेन म्हणालीस?” “म्हणाले.” “सवयीने?” “सवयीने.” “बरी आहे तुझी सवय,” ते म्हणाले, आणि मोटरीचा स्क्रू शोधायला लागले. मी खाली वाकून तो दिला. तो मला लांबूनही दिसतो.

जेवण झालं नाही, ताटं मांडून झाकली. मी पलंगाच्या कडेला चिठ्ठी घेऊन बसले. अक्षर माझंच, पण ज्या बाईचं होतं ती मला ओळखीची वाटेना. केवढी गोल, मोकळी अक्षरं, ओळीला ओळ लागलेली नाही, कागद पुरणारच आहे अशी खात्री. आठ महिने मी देवावर एकच आरोप ठेवलाय: दिलेला शब्द मोडला. मोठ्याने कधी म्हटलं नाही, पण रोज पेल्यापाशी, त्या नळाच्या आणि चपलेच्या आभारांखाली तोच ठेवलेला असायचा, कागद उडू नये म्हणून ठेवलेल्या दगडासारखा. आता चिठ्ठी चष्मा लावून वाचली, मग काढून वाचली. शनिवारी घरी सोडू, हे डॉक्टरांनी म्हटलं होतं. देवाने कुठे काय म्हटलं होतं? त्याने मला आजवर कशाचाच शब्द दिलेला नाही. आईनेही तसं कधी सांगितलं नव्हतं. आभार मानले की मिळत जातं, असं ती एकदाही म्हणाली नाही. ती फक्त म्हणाली होती, आधी. ते पुढचं मीच मनाने शिवून घेतलं होतं. अख्ख्या कागदावर एकच शब्द दिलेला होता, तो माझा, आणि तो घेणारी माणसं तिसऱ्या मजल्यावर खाटांवर पडून होती. चौतीस रविवार झाले. प्लास्टर केव्हाच निघालं असेल, ती मुलगी घरी गेली असेल, आणि जाईपर्यंत कितीतरी दुपारी दाराकडे बघत असेल. काळोखाचं म्हणणारी का आली नाही हे तिला कुणी सांगितलं असेल का? की सिस्टर म्हणाली असेल, येईल हं, आणि सवय होईल म्हणून सोडून दिलं असेल?

यात मला दिलासा मिळाला असं कुणी समजू नये. देव सुटला, एवढंच. त्याच्यावर ठेवायला आरोप उरला नाही आणि माझी मुलगी तरीही उरली नाही. आता राग कुठे न्यायचा ते मला कळेना. आरोप होता तोवर निदान दोघं समोरासमोर तरी होतो. मी त्याला म्हटलं, तुला चांगल्या दिवसात गाणं हवं, वाईट दिवसात गाणं हवं, तुला कडवीच्या कडवी हवीत, आणि आम्ही मेले मधलं गाळून तुला खूश ठेवतोय. हे मी मऊ आवाजात म्हटलं नाही. मोठ्यानेही म्हटलं नाही. पण गेल्या आठ महिन्यांत कामाशिवायचं असं हे पहिलंच बोलणं झालं. पलीकडच्या घरात कुणीतरी खुर्ची सरकवली.

दोन वाजले होते. उठून मी तोंड धुतलं, साडी बदलली आणि गाण्यांचं पुस्तक घ्यायला फळीकडे हात नेला. तिथे पुस्तक नव्हतं. आठ महिने नव्हतं. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी पाळकबाईंनी ते तिच्या हाताखाली ठेवलं होतं, मला न विचारता, आणि सगळ्या बायकांना ते पाहून भरून आलं होतं. पहिलं कडवं मला येतं. दुसरं येतं. शेवटचं तर झोपेतही येईल. तिसरं मला कधी येतच नव्हतं. मी चाळीस वर्षं त्या बाकावर बसतेय आणि ते कडवं एकदाही माझ्या तोंडातून गेलेलं नाही.

“कुठे निघालीस?” यांनी विचारलं.

“वॉर्डात.”

“कशाला?”

“गाणी म्हणायला.”

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुला वरचा सूर लागत नाही.”

“तिला तरी कुठे लागत होता.”

मी चपला शोधल्या, पायात घातल्या आणि परत उभी राहिले. “तिसरं कडवं येत नाही मला,” म्हटलं.

मोटरीवरून नजर न काढता ते म्हणाले, “लिही.”

“तुम्हाला येतं?”

“मोरीत आंघोळीला बसली की दुसरं काय ऐकू यायचं या घरात? लिही म्हणतो ना.”

मी चिठ्ठी उलटी केली आणि लिहायला लागले. ते सांगत गेले, सुराशिवाय, सुट्या भागांचे नंबर फोनवर सांगतात तसे, एक ओळ, थांबायचं, पुढची ओळ. काळोखाची ओळ आली. मग पुढची ओळ आली, हात रिकामा केलास तरी हात तुझ्याकडेच, आणि तिथे ते म्हणाले, “इथे ती नेहमी चुकायची. उंच जायची.” “किती उंच?” मी विचारलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर धरलेला हात वर केला, दाराच्या चौकटीपर्यंत, आणि तो तसाच थोडा वेळ वर राहिला. मग ते शेवटची ओळ बोलले. मी ती लिहिली. कागदाची ही बाजूही पुरली.

“तिसरा मजला,” ते म्हणाले. “लिफ्ट आवाज करत असेल तर जिन्याने जा.”

मी चिठ्ठीची घडी घातली. पेल्यात सकाळचं पाणी अर्धं होतं, ते प्याले. बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागले, पाय जरा उंच उचलून टाकत, ओठांत पहिली ओळ धरून, उंच.